फीवरचा कर आणि धानाचे चुकारे

भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं आणि अड्याळ मागं पडलं की कोंढा येतं. शेजारच्या कोसऱ्याशी नाव जोडून ‘कोंढा-कोसरा’ असंच बोललं जाणारं, पवनी तालुक्यातलं हे गाव. भोवती धानाच्या बांध्या, आणि पुढं पवनीला वैनगंगा. सकाळच्या वेळी या रस्त्यावरच्या कुठल्याही फाट्यावर उभं राहा. रोवणीचे दिवस असतील तर बायांचे घोळके परे, म्हणजे धानाची रोपं, घेऊन बांधीत उतरलेले असतात, आणि त्यांच्या बाजूनं पिवळ्या गाड्या जात असतात. गाडीत टाय लावलेली लेकरं. टायवर छापलेल्या नावात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द बहुतेक असतोच, मग त्या शाळेनं आयुष्यात जोगीण पाहिलेली नसली तरी. बांधीतली बाई आणि गाडीतलं पोरगं अनेकदा एकाच घरचं असतं. हा लेख त्या घराबद्दल आहे, आणि त्या घरानं भरलेल्या फीवर सरकारनं कर घ्यावा का, या प्रश्नाबद्दल.

प्रश्न मूळचा इथला नाही. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट सुरू झाला. मजूर पक्षानं निवडणुकीत तसं वचन दिलं होतं आणि सत्तेवर येताच ते पाळलं. पालकांनी पुढच्या वर्षांची फी आधीच भरून कर चुकवू नये म्हणून २९ जुलै २०२४ नंतर भरलेल्या आगाऊ फीलाही त्यात ओढलं. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या धर्मादाय खासगी शाळांची स्थानिक मालमत्ता करातली सवलतही गेली. या पैशातून सरकारी शाळांना ६,५०० जादा शिक्षक मिळतील, असं सरकारनं सांगितलं. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या अभ्याससंस्थेनं निव्वळ उत्पन्नाचा अंदाज वर्षाला १.३ ते १.५ अब्ज पौंड असा बांधला होता. पालक आणि शाळा न्यायालयात गेल्या. जून २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. ग्रीसनं २०१५ च्या कर्जसंकटात खासगी शिक्षणावर २३ टक्के व्हॅट लावायचं ठरवलं होतं, पण काही महिन्यांत ते मागं घ्यावं लागलं. न्यूझीलंडमध्ये मात्र खासगी शाळेची फी जीएसटीसकटच असते आणि त्यावर कुणी मोर्चे काढत नाही.

आपल्याकडे हा वाद अजून कायद्याच्या पातळीवर पोचलेला नाही. तो चहाच्या टपरीवर आहे. दर जून महिन्यात मुंबई-पुण्याच्या एखाद्या शाळेची फी काही लाखांत गेल्याची बातमी येते, आणि कुणीतरी म्हणतंच, की हे धंदाच करतात ना, मग लावा यांच्यावर टॅक्स. ऐकायला बरोबर वाटतं. मुंबईतल्या एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेकडे पाहून तर फारच बरोबर वाटतं. पण कायदा लिहिताना ‘खासगी शाळा’ असे दोनच शब्द लिहिले जातात, आणि त्यात ती मुंबईची शाळाही येते आणि कोंढ्याच्या रस्त्यावरची पिवळी गाडीही.

इथल्या फीचं वेळापत्रक समजून घ्यायला हवं. शाळा जूनच्या शेवटी उघडते. त्याच सुमारास बी-बियाणं, खत, नांगरणी, मग रोवणीची मजुरी. हातातला पैसा बांधीत जातो. धान कापून, चुरून खरेदी केंद्रावर पोचेपर्यंत दिवाळी उलटलेली असते. तिथं मोजणी, ऑनलाइन नोंदणी, सातबारा, बारदान्याची वाट, आणि मग खात्यात चुकारे, म्हणजे धानाचे पैसे. म्हणजे फी मागायचा महिना आणि फी द्यायची ऐपत येणारा महिना यांत निम्मं वर्ष असतं. त्यामुळं या पट्ट्यातल्या शाळांच्या कार्यालयात ‘चुकारे आले की भरतो’ हे वाक्य पावतीइतकंच नेहमीचं. शाळाही ते ऐकून घेतात, कारण त्यांचे शिक्षकही याच गावांतले आणि पोरगं काढून नेलं तर वर्ग रिकामा पडतो. इथल्या बऱ्याच छोट्या संस्था श्रीमंत नाहीत. डी.एड., बी.एड. होऊन नोकरी न लागलेली पोरं-पोरी तुटपुंज्या पगारावर तिथं शिकवतात. अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहत पंधरा-वीस वर्षं विनावेतन काढलेल्या शिक्षकांची पिढी विदर्भानं पाहिली आहे.

आता हिशोब मांडू. समजा एका पोराची वर्षाची फी २० हजार आहे. सेवांवरचा जीएसटीचा नेहमीचा दर १८ टक्के. तो लागला तर ३,६०० रुपये वाढले. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. म्हणजे एका लेकरामागं दीड क्विंटल धान. दोन लेकरं असतील तर तीन क्विंटल. बियाणं, खत आणि मजुरी वजा जाता किती बांध्यांचं उरलेलं धान त्यात जाईल, हे ज्याचं त्यानं मोजावं. दर पाच टक्के ठेवला तरी हजार रुपये आहेतच.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं. शाळा जीएसटीत आल्या तर त्यांना खरेदीवरचा कर वळता करून घेता येईल, म्हणून फी पूर्ण १८ टक्क्यांनी वाढणार नाही. हे खरं आहे, आणि त्यातून एक गोष्ट उघडी पडते जी पालकांना कुणी सांगत नाही. आज फीवर कर नाही, म्हणजे फीमध्ये कर नाही, असं नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा शाळेनं विद्यार्थ्याला दिलेली सेवा करमुक्त ठेवली गेली. बारावीपर्यंतच्या शाळांना मिळणारी वाहतूक, पोषण आहारासह जेवण, सुरक्षा आणि साफसफाई यांचाही त्यात समावेश झाला. पण शाळा रंग घेते, बाकं घेते, संगणक घेते, वर्गखोली बांधायला सिमेंट घेते, त्या सगळ्यावर कर देतेच. सप्टेंबर २०२५ पर्यंत सिमेंटवर तर २८ टक्के होता, आता १८ आहे. दुकानदाराला यातला बराच कर पुढच्या करातून वजा करता येतो. शाळेला येत नाही, कारण तिची सेवा करमुक्त आहे. तो सगळा कर ती फीत मिसळते. त्याची वेगळी ओळ पावतीवर नसते एवढंच.

आणि शाळेच्या दाराबाहेर तर कर आहेच. दप्तरावर आहे, गणवेशावर आहे, बुटांवर आहे. खासगी शिकवणीवर १८ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि नकाशे यांवरचा कर काढला, ही चांगली गोष्ट झाली. त्याच्या आदल्या वर्षी जीएसटी परिषदेनं असं स्पष्ट केलं की मंडळं शाळांकडून संलग्नतेची जी फी घेतात तिच्यावर १८ टक्के लागतील, पण सरकारी शाळांना सूट राहील. म्हणजे खासगी शाळेच्या फीवर मागच्या दारानं कर यायला सुरुवात झालेलीच आहे.

तरीही समोरच्या दारानं तो का येत नाही? कारण आपल्या कायद्यानं शाळेला धंदा मानलेलंच नाही. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणाच्या व्यापारीकरणाला नकार दिला. ३१ ऑक्टोबर २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनी संस्था चालवणं हा ‘व्यवसाय’ असू शकतो असं म्हटलं, पण तिथंही थांबा घातला: विकासासाठी वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी आणि कॅपिटेशन, म्हणजे प्रवेशासाठी उकळलेली देणगी, चालणार नाही. आपल्या राज्याचा कॅपिटेशनविरोधी कायदा तर १९८७ चा. मग १९ ऑक्टोबर २०२२ ला न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढं गेलं. आयकराची सूट हवी असेल तर संस्थेचा हेतू शिक्षण आणि फक्त शिक्षण हवा. सोबत दुसरा काही नफ्याचा उद्योग चालणार नाही. शिक्षण देता देता सहज शिल्लक उरली तर ठीक, शिल्लक हाच हेतू असेल तर सूट नाही.

वाचायला हे फार शुद्ध वाटतं. आता महाराष्ट्रात काय झालं ते बघा. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानं अनुदान न मागणाऱ्या शाळांची दारं सताड उघडली. २०१७ च्या डिसेंबरात त्यात दुरुस्ती होऊन कंपन्यांनाही शाळा काढायची मुभा मिळाली. तोवर न्यास, संस्था किंवा ना-नफा कंपनी एवढ्यांनाच वाट होती. म्हणजे एका हातानं आपण म्हणतो शाळा हे दान आहे, म्हणून कर नाही. दुसऱ्या हातानं म्हणतो या, कंपनी घेऊन या. आणि जिथं न्यास आहे तिथंही नफा बाहेर काढायची वाट लेखापरीक्षकांना तोंडपाठ आहे. शाळा न्यासाची, इमारत मात्र विश्वस्ताच्या घरातल्या कुणाच्या तरी कंपनीची, आणि भाडं बाजारभावाच्या वर. पुस्तकं ठरलेल्या दुकानातून, गणवेश ठरलेल्या शिंप्याकडून, मोठ्या ब्रँडचं नाव लावण्याचे पैसे वेगळे. न्यासाच्या ताळेबंदात शेवटी दिसतो तोटा.

माझं मत इथं सरळ सांगून टाकतो. ज्या शाळेत हे चालतं तिथं फीवर कर लावणं म्हणजे चोराला सोडून घरमालकाकडून दंड घेणं आहे. कर पालक भरेल, भाडं विश्वस्ताकडं जातच राहील. सूट शाळेला एका अटीवर दिलेली आहे. अट मोडली तर सूट काढून घ्यायची आणि आयकर संस्थेकडून घ्यायचा, याला नवा कायदा लागत नाही. २०२२ चा निकाल आहे, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, आयकर खातं आहे. त्याऐवजी फीवर कर लावला तर सरकार आपणहून मान्य करतं की हा धंदाच आहे, आणि एकदा ते मान्य केलं की नफ्यावरचा न्यायालयाचा थांबा कुठल्या तोंडानं मागायचा?

पण फीच्या करामागं एक दुसरा, जुना आणि जास्त सच्चा विचार आहे: ऐपतवाल्यांनी गरिबांच्या शिक्षणाला हातभार लावावा. त्याच्याकडं दुर्लक्ष करता येत नाही. मराठी मुलखात तर मुळीच नाही, कारण शिक्षणासाठी कर कुणी भरायचा आणि तो पैसा जायचा कुठं, हा वाद इथं दीडशे वर्षं चालू आहे.

मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास जमीन महसुलाच्या दर रुपयामागं एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घ्यायला सुरुवात झाली. त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला, बाकी रस्त्यांसारख्या कामांना. कर भरायचा तो कुणब्यानं. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग आला तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन ठेवलं. त्यांची मुख्य तक्रार हीच होती की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. रयतेची पोरं शाळेबाहेरच राहतात. बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, लोकल फंडातला प्राथमिक शाळांचा वाटा वाढवा, शिक्षक शेतकरी समाजातून घ्या, त्यांना चांगला पगार द्या, असं त्यांनी सांगितलं. त्या निवेदनावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२. न्यू नोबलचा निकाल बरोबर १४० वर्षांनी त्याच तारखेला आला. योगायोगच, पण या दोन कागदांना शेजारी ठेवून वाचावं असा. एक विचारतो पैसा कुठून येतो आणि कुणावर खर्च होतो. दुसरा विचारतो संस्थेचा हेतू काय. आपल्या आजच्या वादात दुसऱ्या प्रश्नाची चर्चा थोडीफार होते, पहिल्याची होत नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ ला केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यातली आर्थिक रचना आजही वाचण्यासारखी आहे. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेनं ठरवायचं, पैशासाठी तिला शिक्षणपट्टी बसवायचा अधिकार, आणि ज्याचं उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी त्याच्याकडून फी नाही. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडलं. पाडणाऱ्यांत फक्त इंग्रज नव्हते. जमीनदार होते, ज्यांना शेतावरची पोरं शाळेत जायला नको होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं तेव्हा भार पालटूनच टाकला: फी नाही, पण पोराला शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड.

भंडारा जिल्हा या सगळ्या इतिहासात मुंबईच्या बाजूला नव्हता. तो मध्य प्रांतात होता, मालगुजारांच्या मुलखात. इथंही महसुलावर शाळेसाठी उपकर होता, रस्ते आणि टपालाच्या उपकरासोबत. पण इथं एक वेगळीच कल्पना निघाली, जी आज फारशी कुणाला आठवत नाही. १९३७ नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि रविशंकर शुक्लांनी ‘विद्या मंदिर’ योजना पुढं आणली. गावातल्या शाळेसाठी दान म्हणून जमीन मिळवायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा आणि गुरुजी दोन्ही चालवायचे. फीही नाही आणि करही नाही. नावावरून मुस्लिम लीगनं मोठा वाद केला, आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळं गेली तशी योजनेतली हवाही गेली. त्याच काळात, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीनं नई तालीमचा आराखडा केला. तिथं तर पोरांच्या हस्तोद्योगातूनच शाळेचा खर्च निघावा अशी अपेक्षा होती. जमीन काय किंवा सूत काय, दोन्ही वाटा फसल्या. पण त्या माणसांना प्रश्न कळला होता. शाळेला दरवर्षी, न चुकता, गावाच्या जवळून पैसा मिळाला पाहिजे.

आज पैसा येतो तो दिल्लीतून, आणि येताना त्याला गळती लागते. २००४ मध्ये आयकरासह केंद्राच्या करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसला. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का. २०१८ पासून दोन्ही मोडून चार टक्के ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ झाला. म्हणजे ऐपतवाल्याकडून शिक्षणासाठी कर आपण आधीच घेतो. बंगळुरूत फी भरणारा अभियंताही तो देतो आणि मूल नसलेला कारकूनही देतो. फक्त त्याचं नाव उपकर असल्यामुळं त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. करातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्रानं राज्यांकडे जातो, उपकराचा नाही. शाळा मात्र चालवतात राज्यं आणि जिल्हा परिषदा. शिवाय आपल्या राज्याचा १९६२ चा शिक्षण उपकराचा कायदा आहे. शहरातल्या घरपट्टीच्या बिलावर ‘शिक्षण कर’ ही ओळ त्याच्यामुळं येते. फीवर जीएसटी आला तर तो अर्धा केंद्राकडं आणि अर्धा राज्याच्या तिजोरीत जाईल. पवनी पंचायत समितीकडं यायचा रस्ता त्यात कुठंच आखलेला नाही.

सवलतीची बाजूही अशीच वाकडी आहे. जुन्या कररचनेत दोन मुलांच्या शिकवणी शुल्काची वजावट मिळते. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदारानं २० हजार फी त्यात दाखवली तर उपकरासह ४,१६० रुपये वाचतात. धान पिकवणाऱ्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्याला वजावटीचा उपयोग शून्य. फीवर कर आला असता तर तो मात्र दोघांना सारखाच बसला असता.

या देशात फीएवढा कर लावायचा हुकूमही एकदा निघून गेला आहे. १८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सुधीर अग्रवाल यांनी उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं की सरकारी पगार घेणाऱ्यांची, लोकप्रतिनिधींची, न्यायाधीशांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत जातील अशी व्यवस्था करा. जो खासगी शाळेत पाठवील त्यानं खासगी शाळेला जेवढी फी दिली तेवढीच रक्कम सरकारी तिजोरीत भरावी. म्हणजे शंभर टक्के कर. गावोगाव लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंमलबजावणी झाली नाही. मला तो निकाल कायद्यापेक्षा निदान म्हणून महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या हातात सरकारी शाळा आहे त्यांचंच पोर तिथं नाही, हे त्यानं कागदावर लिहून ठेवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगानं १९६६ मध्येच शेजारशाळेची शिफारस केली होती, म्हणजे वस्तीतली सगळी पोरं, साहेबाची आणि शिपायाची, एकाच शाळेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा हेही तेव्हाचंच. सहाचा आकडा दर निवडणुकीत भेटतो.

शेजारशाळेचा शेवटचा धागा म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा. तिथं महाराष्ट्र सरकारनं केलं ते आठवून बघा. ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलून सांगितलं की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला हे प्रवेश बंधनकारक नाहीत. गावात तर अशी शाळा असतेच, त्यामुळं खेड्यातल्या बहुतेक खासगी शाळा एका फटक्यात मोकळ्या झाल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. सरकारनं ही उठाठेव का केली असेल? कारण या जागांचा पैसा सरकारला द्यावा लागतो. दर मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये हा दर आहे; कोरोनाच्या काळात तो ८,००० वर आणला होता. आणि हा पैसाही वर्षानुवर्षं थकतो, ही संस्थाचालकांची कायमची ओरड. छोट्या गावातल्या शाळेला ती थकबाकी फार जड जाते. शिक्षकांचा पगार त्यातूनच निघायचा असतो. उद्या फीवर जीएसटी आला तर या १७,६७० वर कर धरायचा का, आणि सरकार सरकारलाच तो भरणार का, हा प्रश्न एखाद्या कारकुनाची सहा महिने करमणूक करील.

मग लाखांत फी घेणाऱ्यांचं काय? त्यांना हात लावायचाच असेल तर वाट अडलेली नाही. हॉटेलच्या खोल्यांवर आपण तेच करतो: रोजचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की दर वेगळा. तसा फीचा उंबरठा ठरवता येईल, वर्षाला अमुक लाखांच्या वर कर, त्याखाली नाही. माझी त्याला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी होतील हे आधीच समजून घ्यावं. फीचे तुकडे पडतील: शिकवणी एवढी, घोडेस्वारी वेगळी, ‘ऐच्छिक देणगी’ वेगळी. आणि महागाईबरोबर उंबरठा वर सरकवायला कुणी विसरलं तर पंधरा वर्षांनी तो कोंढ्याच्या रस्त्यापर्यंत येऊन पोचेल.

फी वाढीला आळा घालायला राज्यात शुल्क विनियमन कायदा आहे, १ डिसेंबर २०१४ पासून लागू. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीनं फी मंजूर करायची. नंतरच्या दुरुस्तीनं अट घातली की जास्त फीची तक्रार करायला २५ टक्के पालक एकत्र यायला हवेत. दोनशे पोरांच्या शाळेत पन्नास पालक. गावात हे जमवून बघा. संस्थेचा सचिव सोसायटीतही असतो, बाजार समितीतही असतो, आणि आपलं पोरगं अजून चार वर्षं त्याच वर्गात बसायचं असतं. १२ ऑगस्ट २०२१ ला सरकारनं त्या वर्षाची फी १५ टक्के कमी करायचा आदेश काढला, तेव्हाही मोठ्या शाळा न्यायालयात गेल्या आणि छोट्या शाळांतल्या पालकांना असा आदेश आहे हेच पुष्कळ ठिकाणी उशिरा कळलं.

हे सगळं सोडून मूळ गोष्ट विचारावी. धानकरी माणूस फी भरायला तयार का झाला? त्याच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथं फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. इंग्रजीचं आकर्षण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि गुरुजी दोन, त्यातले एक बीएलओ म्हणून मतदारयादीत किंवा ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पटावरून शिक्षकपदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं कमी पटाच्या शाळांची शिक्षकपदं आणखी धोक्यात आणली. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट कमी. या चक्राला कंटाळून जो बाहेर पडतो त्याच्यावर कर लावायचा, आणि त्या पैशातून चक्र थांबवू म्हणायचं! ब्रिटननं निदान ६,५०० हा आकडा तरी जाहीर केला, त्याला उद्या लोक जाब विचारू शकतात. आपल्याकडच्या चार टक्के उपकरातून भंडारा जिल्हा परिषदेला किती गुरुजी मिळाले, असं विचारायचं झालं तर कुठल्या खिडकीशी उभं राहायचं?

एक खिडकी कायद्यात आहे, आणि ती गावातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बाया. २२ वं कलम सांगतं की त्या समितीनं शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारनं अनुदान देताना तोच आधार धरायचा. केंद्राच्या नियमांप्रमाणं आराखडा तीन वर्षांचा असतो. पुढची तीन वर्षं दर वर्षी पट किती असेल, शिक्षक किती लागतील, खोल्या किती, जादा पैसा किती, हे त्यात लिहायचं असतं. आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबर सरण्याआधी, तो तयार हवा. बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापक गेल्या वर्षीचाच कागद नव्या तारखेनं भरतात आणि सह्या मागाहून घेतात. डिसेंबर म्हणजे धान केंद्रावर न्यायचे दिवस, चुकाऱ्यांची वाट पाहायचे दिवस. समितीच्या बैठकीला जायला सवड नसते, आणि ज्यांचं पोरगं आता पिवळ्या गाडीनं जातं त्यांना तर त्या समितीत बसायचा हक्कही उरलेला नसतो.